दूधबहीण

माझ्या धाकट्या भावाचे लग्न खालाच्या, म्हणजे मावशीच्या, थोरल्या मुलीशी जवळजवळ ठरले होते. सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजूला आमचे जुने घर आहे. तिथल्या मधल्या खोलीत माझी आई आणि खाला समोरासमोर बसून मेहेरच्या, म्हणजे निकाहात नवऱ्याने नवरीला द्यायच्या, रकमेचे बोलत होत्या आणि नानी पानाचा डबा पुढे ओढून सुपारी कातरत होती. बोलता बोलता खालाला आपल्या टायफॉइडची आठवण झाली. ही मुलगी सव्वा महिन्याची असताना खाला दवाखान्यात होती आणि बाळ आठ दिवस आमच्याकडे होते. नानीचा अडकित्ता थांबला. ते आठ दिवस पोरगी काय पीत होती, असे तिने विचारले. आई जरा वेळ गप्प राहिली आणि मग आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, ‘‘मैं पिलाई ना, अम्मा.’’ माझा भाऊ तेव्हा सहा महिन्यांचा होता आणि आईच्या अंगावर पीत होता. बहिणीच्या तान्ह्या बाळाला पदराखाली घेणे ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे, असे तिला इतक्या वर्षांत कधी वाटलेच नव्हते.

मेहेरचे बोलणे तिथेच संपले. मशिदीतल्या मौलानांना विचारण्याची औपचारिकता दुसऱ्या दिवशी झाली, पण उत्तर नानीला आधीच ठाऊक होते: एकाच बाईचे दूध प्यायलेली ती दोघे आता भावंडे होती.

मी मराठीची शिक्षिका आहे. ही हकिकत शाळेच्या शिक्षक-खोलीत सांगितली तेव्हा माझ्या मैत्रिणींना आश्चर्य वाटले, पण प्रत्येकीचे वेगळ्या कारणाने. पूर्व भागात राहणारी माझी तेलुगू सहकारी म्हणाली की, दुधाचे राहू द्या, मुळात सख्ख्या बहिणींच्या मुलांचे लग्न तुम्ही ठरवतच कसे होता? तिच्या सख्ख्या धाकट्या भावाला तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी दिलेली आहे. मामा-भाचीचे ते लग्न तिच्या घरात अगदी रीतीला धरून मानले जाते. मंगळवेढ्याकडची मराठा मैत्रीण या दोघींकडेही पाहत राहिली, कारण तिच्याकडे मामाची मुलगी हक्काची, पण मावशीची मुलगी बहीण आणि भाची तर मुलीसारखीच. मधल्या सुट्टीतल्या त्या एका टेबलाभोवती नात्यांचे तीन नकाशे होते आणि एकाची सीमा दुसऱ्याशी जुळत नव्हती. कायद्यालाही हे ठाऊक असावे, कारण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मामा-भाची आणि आते-मामे भावंडे निषिद्ध नात्यांत धरलेली असली तरी रूढीने चालत असेल तर त्या लग्नांना अपवाद केलेला आहे. आमचे निकाह मात्र 1937 च्या शरियत अधिनियमानुसार मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखाली येतात. तिथे स्थानिक रूढीला अशी जागा नाही, आणि मामा-भाचीचा निकाह जगाच्या पाठीवर कुठेही होऊ शकत नाही.

कोणाशी लग्न करू नये, याची यादी कुरआनच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, अन-निसामध्ये, प्रामुख्याने 22 ते 24 या तीन आयतींत आली आहे. पुरुषाला उद्देशून सांगितलेली ही यादी स्त्रीच्या बाजूने उलटी वाचायची. आई, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, भावाची मुलगी आणि बहिणीची मुलगी या सात रक्ताच्या स्त्रिया कायमच्या वर्ज्य आहेत. आईमध्ये आजी-पणजी येतात आणि मुलीमध्ये नाती-पणत्या. चुलत, आते, मामे आणि मावस बहिणींची नावे या यादीत नाहीत. त्यामुळे त्या चालतात आणि तेहेतिसाव्या सूरेच्या 50 व्या आयतीत पैगंबर साहेबांच्या संदर्भात या चारही नात्यांचा नावानिशी उल्लेख आहे. चालते याचा अर्थ करावेच असा मात्र नाही. आमच्याकडे जवळच्या नात्यातच मुलगी देण्याचा जो आग्रह असतो, त्याचे मूळ जमीन, घर आणि ओळखीची सासू यांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने होत गेली की काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हे डॉक्टर सांगतात तेव्हा धर्माकडे बोट दाखवून गप्प बसण्याचे कारण नाही. धर्माने दार उघडे ठेवले आहे, आत ढकललेले नाही.

रक्ताच्या सात नात्यांनंतर लगेच, त्याच 23 व्या आयतीत, दूध येते. ज्या मातांनी तुम्हाला पाजले त्या, आणि दुधाने झालेल्या बहिणी, या दोघींचाच तिथे उल्लेख आहे. पण रक्ताने जी नाती निषिद्ध होतात ती दुधानेही होतात, असे पैगंबर साहेबांचे वचन हदीसच्या ग्रंथांत आले आहे आणि त्याने हा धागा लांबवर जातो. या नात्याला अरबी-उर्दूत रजाअत म्हणतात आणि त्यावरून होणाऱ्या बहिणीला रजाई बहन. लहानपणी हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा एकाच रजईत झोपणारी भावंडे, असा त्याचा अर्थ मी लावला होता. चादरींच्या गावात वाढलेल्या मुलीला दुसरे काय सुचणार?

रजाअतची मुदत बाळाच्या पहिल्या दोन वर्षांची. इमाम अबू हनीफा यांनी ती अडीच वर्षे मानली, त्यांच्या दोन प्रमुख शिष्यांनी दोन. मोठ्या माणसाने चहात कोणाचे दूध घेतले तर नाते होते का, असले प्रश्न विचारून मौलानांना पिडणारे लोक आमच्याकडेही आहेत. हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या पंथाचे, उत्तर नाही असे आहे. किती वेळा पाजले म्हणजे नाते लागते, यावर मात्र इमामांमध्ये खरा मतभेद आहे. सोलापुरातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत आणि हनफी मताने एकदा, अगदी घोटभर दूध पोटात गेले तरी पुरे. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्या मताने पाच वेगवेगळ्या वेळा पाजलेले असावे लागते. आमच्या बाबतीत आठ दिवस आणि आठ रात्रींचा प्रश्न होता, तेव्हा रत्नागिरीला जाऊन विचारले असते तरी उत्तर बदलले नसते.

नानीने त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. त्या दोन्ही हदीसमध्ये आहेत, हे मला पुढे वाचून कळले. पहिली हजरत हमजा यांच्या मुलीची. हमजा हे पैगंबर साहेबांचे चुलते. त्यांच्या मुलीशी निकाह करावा असे सुचवले गेले तेव्हा, ती माझ्या दूधभावाची मुलगी आहे, असे म्हणून पैगंबर साहेबांनी नकार दिला. सुवैबा नावाच्या एकाच स्त्रीने चुलत्या-पुतण्या दोघांनाही पाजले होते. रक्ताने ती मुलगी चुलत बहीण, म्हणजे चालणारी. दुधाने पुतणी, म्हणून न चालणारी. आमच्या घरातला पेच तोच होता, फक्त चुलत्याच्या जागी मावशी होती.

दुसरी गोष्ट उक्बा बिन हारिस यांची. त्यांचे लग्न झाल्यावर एक स्त्री आली आणि म्हणाली की, तुम्हा दोघा नवरा-बायकोला मी पाजले आहे. उक्बांना यातले काहीच माहीत नव्हते. ते मक्केहून उंटावर स्वार होऊन मदिनेला विचारायला गेले आणि पैगंबर साहेबांनी, असे सांगितले गेल्यावर आता ते कसे चालेल, या अर्थाचे उत्तर दिले. उक्बा वेगळे झाले. एका स्त्रीच्या साक्षीवर दूधनाते सिद्ध होते की नाही, यावर फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत पानेच्या पाने आहेत. हनफी मताने कज्जा काझीपुढे गेला तर दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया एवढी साक्ष लागते. आमच्या घरी मात्र आईच्या शब्दावर साक्षीदार मागायला कोणी धजावले नसते. मला या नियमात सर्वांत जास्त भावते ते हेच की, त्याचे सगळे दफ्तर बायकांच्या आठवणीत असते. कोणत्या रात्री कोणाचे बाळ रडत होते आणि कोणी उचलले, याची नोंद ना निकाहनाम्यात असते ना पालिकेत. म्हणून जुन्या बायका दुसऱ्याच्या बाळाला पाजण्याआधी नवऱ्याला विचारीत आणि पाजल्यावर चार घरी सांगून ठेवीत. माझ्या आईने ते सांगायचे राहून गेले, एवढेच.

पाजणारी आई होते, तिचा नवरा बाप होतो, आणि तिची आधीची-नंतरची सगळी मुले भावंडे होतात. म्हणजे खालाची ती मुलगी माझीही बहीण, माझ्या थोरल्या भावाचीही बहीण, आणि माझे अब्बा तिचे दूधवडील. नाते लागते ते मात्र फक्त पिणाऱ्या बाळाला. त्या बाळाच्या स्वतःच्या भावाबहिणींना त्याची झळ लागत नाही. हे वाक्य मौलानांनी दोनदा सांगितले, आणि खालाने ते पहिल्याच वेळी नीट ऐकून घेतले होते, असे मला आता वाटते.

निषिद्ध नात्यांचा तिसरा वर्ग लग्नाने जुळणारा. सावत्र आई, सून, सासू आणि बायकोची आधीची मुलगी. यांतला एक बारकावा फार लोकांना माहीत नसतो. निकाह झाल्याबरोबर सासू कायमची आईसारखी होते, मग त्या जोडप्याचा संसार एक दिवस झालेला असो वा नसो; पण बायकोची आधीची मुलगी निषिद्ध होण्यासाठी मात्र नवरा-बायकोचा संबंध झालेला असावा लागतो. सून म्हणजे पोटच्या मुलाचीच बायको, असे आयतीत स्पष्ट आहे. दत्तक मुलगा रक्ताचा मुलगा होत नाही, हे तेहेतिसाव्या सूरेत सांगितले आहे आणि पैगंबर साहेबांचे मानलेले पुत्र जैद यांनी तलाक दिलेल्या पत्नीशी साहेबांचा निकाह झाला, त्या प्रसंगाने ते पक्के झाले.

या दत्तकाच्या नियमाने आमच्या समाजात काही घरांची पंचाईत होते. मूल वाढवायला घेतले, लळा लागला, आणि ते वयात आल्यावर घरातल्याच माणसांपासून पडदा आला, कारण ना रक्त ना दूध. महरम म्हणजे ज्याच्याशी लग्न कायमचे अशक्य आहे आणि म्हणूनच ज्याच्यासमोर मोकळेपणाने वावरता येते असा माणूस. जाणत्या बायका यावर दुधाचाच उपाय काढतात. वाढवायला मुलगा घेतला तर बाईची बहीण त्याला पाजते, म्हणजे बाई त्याची दूधमावशी होते. मुलगी घेतली तर नवऱ्याची बहीण पाजते, म्हणजे तो तिचा दूधमामा होतो. आमच्या ओळखीच्या एका घरात नणंद स्वतःचे बाळ कडेवर घेऊन महिनाभर यासाठी येत होती. मनाई करणारा नियमच इथे घर जोडायच्या कामी येतो.

याउलट दूधपेढीपुढे हाच नियम अडतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. अनेक मातांचे दूध एकत्र करून ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते, आणि कोणाचे दूध कोणाला गेले हे पुढे कळत नाही. जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने 1985 मध्येच अशा पेढ्यांना विरोध केला होता. इतर काही विद्वानांनी, पाजणारी कोण हे ठाऊक नसेल आणि बाळाने स्तनातून ओढून घेतलेले नसेल तर नाते लागत नाही, असे म्हणून त्या चालतील असा कौल दिला. मला विचाराल तर दीड किलोच्या बाळाचा जीव आधी. देणाऱ्या मातांची नोंद ठेवून ती घरच्यांना दिली तर प्रश्न बराचसा सुटेल.

उरलेल्या मनाया तात्पुरत्या आहेत. कारण दूर झाले की मनाई दूर. दुसऱ्याची विवाहित पत्नी. इद्दत, म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधी थांबायचा काळ, पूर्ण न झालेली स्त्री: तलाकनंतर तीन ऋतुकाळ, वैधव्यानंतर चार महिने दहा दिवस, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. चार बायका असताना पाचवी. दोन सख्ख्या बहिणी एकाच वेळी नांदवता येत नाहीत, आणि हदीसनुसार आत्या-भाची किंवा मावशी-भाचीही नाही. बायको वारल्यावर मेहुणीशी निकाह चालतो, तो यामुळेच. पहिली बहीण नांदत असताना दुसरीशी केलेला निकाह मुळातच शून्य नसून सदोष, म्हणजे बातिल नसून फासिद, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले, आणि म्हणून न्यायालय तो रद्द ठरवीपर्यंत त्या दुसरीला पोटगीचा हक्क आहे, असे ठरवले. हा भेद पुस्तकी वाटतो, पण ज्या बाईला आणि जिच्या मुलांना तो लागू होतो त्यांची भाकरी त्यावर असते.

धर्माबाहेरच्या लग्नाविषयी लोक मला सर्वांत जास्त विचारतात, आणि मी नियम आहे तसा सांगते. पाचव्या सूरेच्या 5 व्या आयतीनुसार मुसलमान पुरुषाला ज्यू आणि ख्रिस्ती स्त्रीशी निकाह करता येतो. मूर्तिपूजक स्त्रीशी किंवा पुरुषाशी, त्यांनी श्रद्धा स्वीकारेपर्यंत, नाही, असे दुसऱ्या सूरेच्या 221 व्या आयतीत आहे. मुसलमान स्त्रीचा निकाह कोणत्याही मुस्लिमेतर पुरुषाशी होत नाही, यावर पारंपरिक फिक्हचे सर्व पंथ एकमत आहेत. भारतीय न्यायालयांनी इथेही फासिदचा मार्ग वापरला आहे. मुसलमान पुरुष आणि हिंदू स्त्री यांचा असा विवाह सदोष असला तरी त्यांचे मूल औरस आहे आणि त्याला बापाच्या मालमत्तेत वाटा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला.

ज्यांना निकाहच नको त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस द्यायची आणि नोंदणी करायची. त्याच्या परिशिष्टात पुरुषासाठी 37 आणि स्त्रीसाठी 37 निषिद्ध नाती दिलेली आहेत. त्यांत चुलत, आते, मामे, मावस अशी चारही भावंडे आहेत. दूधभावंडे नाहीत. म्हणजे रूढीचा अपवाद सोडला तर माझ्या भावाचे आणि त्या मुलीचे नाते या कायद्याला मावस म्हणून खटकले असते, आणि नानीच्या कायद्याला दूध म्हणून.

बिरादरीचे काय? बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, मोमीन, पिंजारी, मणियार, आणि वर सय्यद-शेख-पठाण. सोलापुरात रिश्ते आणणाऱ्या बाईच्या वहीत पहिला रकाना हाच असतो. निषिद्ध नात्यांच्या त्या तीन आयती मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. त्यांत यातले एकही नाव नाही. हनफी ग्रंथांत कुफू म्हणजे बरोबरीचा विचार आहे आणि त्यात वंश आणि धंदाही मोजलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तो वलीच्या, म्हणजे मुलीच्या पालकाच्या, आक्षेपाचा विषय आहे, हराम-हलालचा नव्हे. स्वतः पैगंबर साहेबांनी कुरैश घराण्यातल्या आपल्या आत्याच्या मुलीचा, जैनब यांचा, निकाह गुलामीतून मुक्त झालेल्या जैद यांच्याशी लावून दिला होता. तरीही आमच्या गल्लीत ‘आपल्यात चालत नाही’ हे वाक्य दुधाच्या नात्यासाठी जितक्या वेळा उच्चारले गेले असेल, त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा ते जातीसाठी उच्चारले गेले आहे, आणि दोन्ही वेळी आवाज तितकाच ठाम असतो. बोलणाऱ्यालाही बहुधा फरक कळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी बागवान मुलाचे स्थळ याच वाक्याने परत गेले, आणि ते वाक्य बोलणारे तिचे चाचा पाच वेळचे नमाजी होते.

आमच्या घरात पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन वर्षांनी खाला पुन्हा आली, या वेळी धाकट्या मुलीसाठी. नानीने सुपारी बाजूला ठेवून दोघी बहिणींची उलटतपासणी घेतली. ही कधी आमच्याकडे राहिली होती का, खालाने माझ्या भावाला कधी पाजले होते का, दुसऱ्या कोणा एकाच बाईचे दूध दोघांच्या पोटात गेले का? सगळ्याची उत्तरे नाही अशी आली, तेव्हा कुठे पानाचा डबा उघडला. धाकटीचा निकाह माझ्या भावाशी झाला. थोरलीचे तोवर पंढरपुरात लग्न झाले होते. ती दोन दिवस आधी आली. एरवी मेहुणी नामहरम असते आणि बहिणीच्या नवऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सांभाळून बसते. ही मात्र त्याची दूधबहीण असल्यामुळे त्याच्या शेजारी पाटावर बसून त्याला हळद लावत होती. निकाहच्या दिवशी तिने नवरीची बहीण म्हणून त्याचे बूट लपवून पाचशे रुपये घेतले, आणि वरात घरी आली तेव्हा आमच्या दारात आडवा हात लावून, नवऱ्याची बहीण म्हणून, पुन्हा हजार मागितले. भाऊ म्हणाला, एकाच माणसाकडून दोनदा? तिने हात काढला नाही.